ठेवायच्या कोंबड्या

शुक्रवारी केरीहून म्हापशाच्या बाजाराला,
म्हणून गुरुवारी रात्री निवड.
काळोखात कोंबडी भांडत नाही.
बॅटरी दातांत धरून मी खुराड्यात वाकते,
एकेकीला काखेत घेते,
बोटाने छातीचं हाड चाचपते:
सरळ आहे, की सुरीच्या पात्यासारखं वर आलंय.
पायांचे खवले, शेपटीखालची पिसं, डोळ्यांचे कोपरे.
मग तिच्या पाठीला कान लावते
आणि माझा श्वास धरून तिचा ऐकते.

चांगली ती परत दांडीवर.
बरी ती डालग्यात.
घरघरणारी बाजारात नेत नाही,
तेवढी लाज अजून आहे.

आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात मानमोडी आली.
त्रेचाळीस होत्या, पाच दिवसांत सात उरल्या.
बाकीच्या माना उलट्या पिळून
आभाळाकडे बघत मेल्या.
कुळागराच्या कडेला भावाने खड्डा मारला,
मी वरून चुना टाकला,
आणि उरलेल्या सातांकडे बघितलं तर
एकही देखणी नव्हती.
एक तर मानेवर पीसच नसलेली,
जिला मी शिगम्याला कापणार होते
आणि राहून गेलं.
आज अर्धं अंगण तिचं आहे.

लस देते. देत नाही असं नाही.
दवाखान्यातले गावडे कंपाउंडर येतात,
चहा पितात, बर्फाची पेटी उघडतात.
पण लसीच्या आधीचंही काही अंगात असतं,
आईबापाकडून आलेलं, किंवा न आलेलं.
ते वहीत सापडतं.
शाळेची दोनशे पानी वही,
पिल्लांच्या पायात धागे, प्रत्येक वंशाचा रंग वेगळा.

सुभेदाराचा रंग गुलाबी.
बेळगावच्या बाजारातून आणलेला,
नाव माझ्या भाच्याने ठेवलेलं, शांबाने.
मान भट्टीतल्या लोखंडासारखी तांबडी,
शेपूट काळी, उन्हात हिरवी.
तो आरवला की पलीकडच्या वाड्यावरचे कोंबडे गप्प.
आणि दर पावसाळ्यात, तिसऱ्या आठवड्यात,
त्याची पिल्लं शिंकायची.

हळद दिली, लसूण दिली, गोळी पाण्यात विरघळवली.
बरी झाली. किती आनंद झाला मला!
बरी केलेली वाढवली,
आणि पुढच्या साली
त्यांची पिल्लं बरी करत बसले.
तीन पावसाळे.
गुलाबीच्या रांगेत फुल्या, फुल्या, फुल्या.
वही खोटं बोलत नव्हती,
मीच पान उलटत होते.

हळदोण्याचा कायतान गाडी घेऊन आला.
म्हणाला, बाये, तीन हजार देतो,
ह्याची वीण मला पाहिजे.
म्हटलं, वीण नको. खायला नेतोस तर तीनशे.
तो हसला. मी नाही हसले.
तीन हजारांत खुराड्याची कौलं नवी झाली असती,
हे मला त्या रात्रीही आठवत होतं,
आजही आठवतं, गळतं तेव्हा.

शागोती मीच केली.
खोबरं भाजताना हात थरथरला असं काही नाही,
जरा करपलं एवढंच.
शांबा जेवला नाही.
शेपटीचं एक पीस त्याने भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं,
नकाशाच्या पानात.

आताचा कोंबडा मातकट. नाव नाही.
आरवतो म्हणजे दार करकरल्यासारखा.
कुणी किंमत विचारत नाही.
दोन पावसाळे झाले, त्याच्या रांगेत फुली नाही.

काखेत आत्ता आहे ती सुभेदाराची शेवटची लेक,
एकदाही न शिंकलेली, म्हणून राहिलेली.
मान बापाची.
छातीचं हाड सरळ.
संध्याकाळी तिने एकदाच डोकं झटकलं,
कोंड्याची धूळ असेल.

कान लावते.
पोफळींत बेडूक ओरडतायत.
गप्प बसा रे जरा.
परत लावते.